शाळेचा कागद

लेक न्यू जर्सीत असते. नात यंदा सहावीत गेली. तिकडे सहावी, सातवी, आठवी या तीन यत्तांची शाळा वेगळीच असते, तिला मिडल स्कूल म्हणतात. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या शाळेचं एक पत्र आई-बापांच्या मेलवर येतं. आठवडाभरात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, सगळं त्यात. लेकीने सहज म्हणून एक पत्र मला पुढे पाठवलं. बँडची तालीम कधी, वर्गाचा फोटो कधी, सापडलेली जाकिटं कुठे ठेवली आहेत, पालकांनी शिक्षकांना कधी भेटायचं, आठवडाभर जेवणात काय काय! मी मास्तर माणूस, दोनदा वाचलं. फोनवर कौतुक केलं तर लेक हसून म्हणाली, "बाबा, कोण वाचतं हो ते सगळं?"

या एका वाक्याने मला कामाला लावलं, मंडळी. शाळेने घरी काही कळवायचं ही रीत आपल्याकडे कशी कशी होत गेली, ते आठवत बसलो. काही वाचलेलं, काही पाहिलेलं, आणि एक माझ्या हातून झालेली चूक. ती पुढे सांगतो.

आपल्याकडे सरकारी शिक्षणखातं आलं १८५५ साली. खात्याचं मराठी शालापत्रक निघायचं. आधी कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि मग विष्णुशास्त्री, दोघांनीही ते सांभाळलं. निबंधमालेआधीचं विष्णुशास्त्र्यांचं बरंच लेखन त्यातलंच. १८७५ मध्ये ते बंद पडलं. पण ते पत्र कोणासाठी? पंतोजींसाठी, शिकलेल्यांसाठी. ज्याचं पोर शाळेत जातं त्या कुणब्यासाठी त्यात ओळ नव्हती, आणि असती तरी वाचणार कोण?

घराशी थेट बोलणारा कागद मला दिसतो तो कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळी रुपया म्हणजे थट्टा नव्हती. महाराजांचा हेतू सोन्यासारखा, त्याबद्दल दुमत नाही. पण गंमत बघा, कित्येक घरांत शाळेच्या नावाचा पहिला कागद गेला असेल तो दंडाचा. आपल्याकडे शाळेचा कागद आला की घरातली माणसं आधी घाबरतात, पोराने काय केलं म्हणून त्याच्याकडे डोळे वटारून बघतात. ही सवय तेवढी जुनी असावी असं आपलं मला वाटतं.

आता आमच्या खानदेशात येतो. इथे मात्र एक फार सुंदर उदाहरण आहे, आणि त्याला कशाचीच भीती नाही. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. तिथल्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. लांबच्या खेड्यांतली, घर सोडून आलेली पोरं. त्यांच्यासाठी गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. दैनिक, बरं का! छापखाना नाही, कारकून नाही, शाई आणि बोटं. शिकवून, मुलांची आजारपणं काढून, त्यांच्या खोल्या झाडून झाल्यावर हा माणूस रोज वर्तमानपत्र लिहीत बसायचा. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिकही त्यांनी काढलं. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडली, तेव्हा अमळनेरची सहा वर्षं झाली होती.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या केंद्राच्या बैठकीत एका म्हाताऱ्या शिक्षकांनी हे सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, गुरुजींना संसार नव्हता, त्यांना जमलं. (तरुणपणी माणूस सबबी फार हुशारीने शोधतो.) आज वाटतं, त्या दैनिकातली खरी गोष्ट हाताने लिहिणं नव्हतीच. ते ज्यांच्यासाठी लिहीत, ती पोरं नावानिशी त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. कोण उदास आहे, कोणाला घरची आठवण येते, हे ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेला कागद निराळा असतो. तो वाचला जातोच.

फक्त तो कागद मुलांपुरता होता. घरापर्यंत जायचा प्रश्न आला की सगळं अडायचं. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातल्या शंभर बायकांत नऊसुद्धा साक्षर निघाल्या नाहीत. आमची आई त्या उरलेल्या एक्क्याण्णवांतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात असोद्याच्या बहिणाबाई गेल्या. अक्षर न वाचलेली बाई जात्यावर, शेतात ओव्या रचत होती आणि त्या कागदावर उतरवून घ्यायला शिकलेला मुलगा लागला. त्या नसत्या उतरवल्या तर? तेव्हा न वाचता येणाऱ्याला काही कळत नाही असं कोणी म्हणू नये. फक्त कागद त्याच्याशी बोलत नाही.

माझ्या लहानपणी वरणगावात शाळेचा निरोप म्हणजे खुद्द गुरुजी. संध्याकाळी धोतराचा सोगा सावरत ते ओट्यावर येऊन बसायचे. आई आतून चहा पाठवायची आणि दाराआडून ऐकायची. मी मागच्या दाराने पसार! पोराचं गणित कच्चं आहे, उद्यापासून सकाळी पाठवा, एवढंच बोलणं. पण ते घरातल्या सगळ्यांना ऐकू जायचं, आजीलासुद्धा.

साठच्या दशकात इथे ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली आणि गावाची दोन गावं झाली. फॅक्टरीतल्या वडिलांना सर्क्युलर म्हणजे काय ते पक्कं माहीत. तारीख, विषय, सही, शिक्का. शेतकरी वडिलांना कागद म्हणजे तलाठ्याचा किंवा सोसायटीचा. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि कागद वाढले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेली ती प्रसिद्ध ई.बी.सी. सवलत, वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर फी माफ. त्यासाठी दाखला, अर्ज, पालकाची सही. सवलत खरी उपयोगाची, तिने आमच्या पिढीतली किती तरी मुलं हायस्कुलात टिकली. पण ती मिळायची त्याला, ज्याच्या घरी तो निरोप वेळेवर आणि नीट पोचायचा.

आणि निरोप पोचायचा कसा? शिपाई किंवा वरच्या वर्गातला एखादा मुलगा सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरायचा. गुरुजी शिकवणं थांबवून सूचना वाचायचे, वहीवर सही करायचे, पुन्हा अपूर्णांक. सूचनेची भाषा तर काय सांगावी! "सर्व पालकांस कळविण्यात येते की आपल्या पाल्याचे..." आमच्याकडे घरात कोणी लेवा बोली बोलणारं, कोणी तडवी, कोणी फॅक्टरी वसाहतीतलं हिंदी किंवा तेलुगू. पाल्य हा शब्द एकाही घरात कोणी उच्चारलेला नव्हता. एका पोराने बापाला सांगितलं होतं, शाळेत पाला मागितला आहे, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी शेळीसाठी तोडलेल्या पाल्याचा भारा घेऊन हजर. आम्ही सगळे पोट धरून हसलो. आता हसू येत नाही.

तर ती चूक. १९८१ साल. वरणगावजवळच्याच एका गावात मी सातवीचा वर्गशिक्षक. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची (२०१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला गेली होती). माझ्या वर्गात एक मुलगी होती, नाव सांगत नाही. गणितात अशी, की मी फळ्यावर मांडणी पुरी करायच्या आत उत्तर तयार. तिला शिष्यवृत्ती मिळणार हे मी गृहीतच धरलं होतं. फॉर्मची सूचना आली. मी वर्गात वाचली. फी आणि पालकाची सही अमुक तारखेपर्यंत. गैरहजर मुलांच्या घरी शेजारच्या मुलांबरोबर चिठ्ठ्या पाठवल्या, सूचनावहीवर सही केली. माझं काम झालं. दिवाळीनंतरचे दिवस, कपाशीची वेचणी जोरात, ती मुलगी आठ-दहा दिवस शाळेत नव्हती. तारीख निघून गेली. मी मनात म्हटलं, घरच्यांनाच नको असेल, मुलगी आहे, दुसरं काय!

ती परत आली तेव्हा तिने विचारलं, "गुरुजी, फॉर्म कधी भरायचा?"

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो, जरा तावातच. तिची आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, कागद त आला व्हता. पन घरात वाचनारं कोन? जिले वाचता येते ते पोरगी कपाशीत व्हती." चिठ्ठी दिव्याच्या कोनाड्यात जपून ठेवलेली होती, घडी न मोडता. शाळेचा कागद म्हणून हरवू दिला नव्हता. पोरगी दिवस मावळता दमून यायची, जेवायची, झोपायची. कागद आहे हे तिला सांगायचं राहून गेलं. मी तालुक्याला जाऊन खटपट केली, पण मुदत गेली ती गेलीच. दोष कोणाला देणार? नियम नियमच होता, आणि सूचना देणारा मी होतो. ती सातवी पास झाली, पुढे हायस्कूल लांब म्हणून शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं. शिष्यवृत्ती मिळाली असती तर हे बदललंच असतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण फॉर्म भरला गेला नाही हे माझ्या खात्यावर आहे.

त्यानंतर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एक कागद लिहायचो. खाली कार्बन घालून तीन प्रती, त्यातली शेवटची अगदी पुसट. एक किराणा दुकानावर, एक मारुतीच्या देवळात, एक पिठाच्या गिरणीत. पाल्य हा शब्द हद्दपार! "सातवीच्या पोरांनी सोमवारी आठ आणे आणावेत, नकाशाच्या वहीसाठी. बुधवारी देवीच्या लसीवाली बाई येणार नाही, अफवा आहे. चौथीच्या अमक्याने पाढे तीसपर्यंत म्हटले." देवळातला आणि दुकानावरचा कागद पुरुष बघायचे, बघून पुढे जायचे. खरा चालला तो गिरणीतला. तिथे बायका डबे लावून तास तास बसायच्या. गिरणीवाला चौथी शिकलेला, त्याने पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून वाचून दाखवायचं कबूल केलं. पाढ्यांची ओळ आली की त्या पोराच्या आईकडे सगळ्या बघायच्या. पुढे पुढे बायकाच विचारू लागल्या, शाळेचा कागद आला का? दोन वर्षं चाललं. मग माझी बदली झाली. नव्या गावात गिरणी होती, पण तसा गिरणीवाला नव्हता. तिथे मी चार-सहा महिने कागद लिहिला आणि सोडून दिला. खोटं कशाला बोलू?

सूचना न देताही निरोप घरोघर पोचतो हे मात्र मी १९९५ नंतर पाहिलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला शालेय पोषण आहार सुरू झाला. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी असेल त्या मुलाला तीन किलो तांदूळ. तांदूळ शाळेत उतरला की गावाला तासाभरात खबर. ज्या घरी प्रगतिपुस्तकावर अंगठासुद्धा उमटायला महिना लागायचा, त्या घरचं माणूस पिशवी घेऊन दारात! मी तेव्हा चिडायचो. आता वाटतं, घराला ज्याची गरज होती ते शाळेने पहिल्यांदाच सांगितलं होतं.

मी निवृत्त झालो २००८ साली. त्यानंतरचं सगळं बाहेरून बघितलेलं. शिक्षणहक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका आल्या. कागदावर तरी आई उंबऱ्यातून आत आली. मग २०२० चा मार्च. शाळांना कुलपं, आणि एका रात्रीत सगळा वर्ग फोनमध्ये. फोन बापाच्या खिशात, बाप कामावर. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतीच धडे लिहून रंगवल्याचं तेव्हा पेपरात वाचलं आणि मला माझी गिरणी आठवली.

सहा महिन्यांपूर्वी वरणगावच्या बाजारात एका बाईने पायाला हात लावला. ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा चटकन पाणी आलं डोळ्यांत. तीच. आता आजी झालेली, नातवासाठी इथे मुलाकडे राहते. घरी घेऊन गेली, चहा केला. सून कामाला जाते म्हणून शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिचा नंबर. मला फोन दाखवला. शुभ सकाळ, फुलं, कोणाचा तरी वाढदिवस, पाच जणांचे अंगठे, आणि मधेच कुठेतरी उद्या शाळा सकाळची आहे हे. "गुरुजी, एकशे बारा मेसेज. त्यात कामाचा एक," ती म्हणाली. गल्लीतल्या दोन सासवांना वाचता येत नाही, एका घरात फोन रात्रीच परत येतो. म्हणून रोज संध्याकाळी ती सगळं वाचते आणि कामाचं तेवढं काढते.

निघताना मी तिच्या ओट्याकडे पाहिलं. दाराशेजारच्या भिंतीवर खडूने, सातवीतलं तेच उभट अक्षर: "शनिवारी सकाळची शाळा. डबा नको. आधार कार्डाची झेरॉक्स सोमवारी, दोन."