कोटेशनमधले एक अक्षर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दफ्तरे, फार तर सावकाराच्या चोपड्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. संगणकाच्या दुकानदाराने लेटरहेडवर लिहून दिलेले कोटेशन साधन म्हणून कोणी जपत नाही. आमच्या मते ते जपायला हवे होते. २००० ते २०१० या दशकात अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) मध्यमवर्गीय घराने आपल्या मुलाला काय द्यायचे आणि काय नाकारायचे, याचा तंटा या एका कागदावर जितका स्पष्ट उमटला आहे तितका त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांतही क्वचितच आढळेल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव ही साखर कारखान्यांची गावे इंजिनिअरिंगची गावेही झाली. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. २००५ पर्यंत ते जवळजवळ शून्यावर आले. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोचले. संगणक ‘शिकण्याची’ वस्तू ठरला. मोठ्या कंपनीचा तयार संगणक महाग, म्हणून सुटे भाग जुळवून केलेला ‘असेम्बल्ड’ घ्यायचा. हे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून येत. वीस-पंचवीस हजारांचा हा व्यवहार. शिक्षकाच्या घरात तो बहुधा पतसंस्थेच्या कर्जातून होई आणि कर्जाच्या अर्जाला कोटेशन जोडावे लागे.

म्हणजे या कागदाचे वाचक दोन. एक वडील किंवा पतसंस्थेचे सचिव. ते तळाची बेरीज वाचीत. दुसरा मुलगा, तो ओळी वाची. बेरीज आणि ओळी यांच्यामधल्या फटीत ‘गेम’ नावाची गोष्ट दडलेली असे. अभ्यासासाठी संगणक हवा, हे उघड विधान. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ (२०००) किंवा ‘व्हाइस सिटी’ (संगणकावर २००३) नीट चालावी, ही अध्याहृत इच्छा. कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाची स्वतंत्र ओळ दिसली की वडील विचारीत, हे कशाला? त्याला मराठीत उत्तर नव्हते. टॅली, जावा, सी++, यांपैकी कशालाही ते लागत नसे. ओळ खोडली जाई आणि तीन-चार हजार वाचत.

खरी निवड इथे सुरू होते. ज्याला कार्ड आज मिळणार नाही हे ठाऊक होते, त्याने मदरबोर्ड कसा निवडावा? २००३ च्या सुमारास इंटेलचे ८६५जी आणि ८६५जीव्ही असे दोन चिपसेट बाजारात होते. दोहोंत बोर्डावरच बसवलेले जुजबी ग्राफिक्स होते, दोहोंवर पेंटियम ४ चाले. फरक एवढाच की ‘जीव्ही’ला एजीपी स्लॉट नसे. एजीपी म्हणजे त्या काळी ग्राफिक्स कार्ड बसवण्याची खाच. त्याआधीच्या ८४५ मालिकेतही ‘जी’ला ती खाच होती, ‘जीएल’ आणि ‘जीव्ही’ला नव्हती. थोडे पैसे वाचवण्यासाठी ‘व्ही’ पत्करला की पुढे कधी दिवाळीच्या बोनसातून कार्ड घेण्याची वाटच बुजली. पाठचिकित्सेत एका अक्षराच्या फरकाने अर्थ फिरतो हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. येथे एका अक्षराने पुढच्या चार वर्षांतले खेळ ठरत होते, आणि कागदावर सही करणाऱ्याला ते अक्षर दिसतही नव्हते.

नगरच्या उपनगरांतून हिंडताना गच्चीवर सिमेंटच्या खांबांतून वर आलेल्या गंजक्या सळया दिसतात. वरचा मजला आज परवडत नाही, पण बांधायचा आहे. स्वस्तातला गेमिंग संगणक जुळवणारा जाणता मुलगा नेमके हेच करी. प्रोसेसर सेलेरॉन घ्या, रॅमची एकच पट्टी घ्या, पण स्लॉट सोडा. काटकसर कुठे करायची यापेक्षा कुठे करायची नाही, हे त्याला आधी ठरवावे लागे. या जिल्ह्याला ही रीत परकी नव्हती. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली; कंपनीचा नगर-दौंड रस्त्यावरचा कारखाना शहराच्या ओळखीचा भाग झाला. पन्नास सीसीचे इंजिन आणि सोबत पायडल. यंत्रातले काय काढले तरी ते वाहनच राहते, याचा तो हिशेब होता. लूनावर वाढलेल्या पिढीच्या मुलांनी मदरबोर्ड निवडले, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही. पण हे आमचे मत आहे, पुरावा नव्हे.

नावेही फसवी होती. एनव्हिडियाचे जीफोर्स ४ एमएक्स ४४० (२००२) हे स्वस्तातल्या मुलांचे लाडके कार्ड. नावात ‘४’ असले तरी आतली घडण जीफोर्स २ च्या वळणाची. जीफोर्स ३ मध्ये आलेले प्रोग्रॅम करता येणारे शेडर त्यात नव्हते. २००३ च्या अखेरीस ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ आला तेव्हा वेष्टनावरच्या अटींत जीफोर्स ३ चालत होते, जीफोर्स ४ एमएक्स चालत नव्हते. तीन मोठा की चार, हा प्रश्न अंकगणिताचा उरला नाही.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कोटेशनमध्ये बहुधा ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशा अर्ध्या ओळीत येई. त्याचा स्वतंत्र विचार करणारे ग्राहक थोडे. डब्यावर ४५० वॅट छापलेले असे. प्रत्यक्षात तो किती पुरवतो हे तोलण्याचे साधन ग्राहकाकडे नव्हते, म्हणून लोक तो खरोखरच हातात तोलून बघत. जड तो चांगला. ही कसोटी अगदीच खुळी नव्हती, कारण ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या यांत केलेली कुचराई वजनात उतरते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात वीज तासांच्या हिशेबाने येई आणि येताना दाब वरखाली होई, तेव्हा सगळ्या यंत्राचे आयुष्य या अर्ध्या ओळीवर अवलंबून होते. त्यात त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष द्रवामुळे फुगून फुटत. ही जगभरची व्याधी होती. रॅम दुप्पट केल्याचे मित्रांना सांगता येते, चांगल्या एसएमपीएसची बढाई मारता येत नाही. आमच्या दृष्टीने या दशकातली सर्वांत समंजस पण सर्वांत कमी केली गेलेली निवड हीच.

ज्यांनी सळया ठेवल्या त्या सर्वांना मजला चढवता आला असे मात्र नाही. २००४ मध्ये इंटेलच्या ९१५ चिपसेटबरोबर पीसीआय एक्सप्रेस आले आणि एजीपीचा वंश खुंटू लागला. २००३ मध्ये हट्टाने ‘जी’ घेतलेल्या मुलाच्या हाती २००७ मध्ये पैसे आले, तेव्हा त्याच्या खाचेत बसणारी कार्डे दुर्मीळ आणि त्याच ताकदीच्या नव्या कार्डांपेक्षा महाग झाली होती. शहाणपणाला बाजाराने दिलेला हा निकाल आहे आणि तो अन्याय्य आहे, एवढेच म्हणता येते.

पुढचा काळ झपाट्याने सांगता येतो, कारण वाद ओसरला. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन मालिकेने नवा डाव मांडला. त्या वर्षी घेतलेल्या स्वस्त बी३५० बोर्डावर, बोर्ड बनवणाऱ्याने बायोस दिला असेल तर, २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षे उघडे राहिलेले दार या इतिहासात अपवादच. अक्षरांचा खेळ मात्र संपला नाही. रायझन ३ २२००जी (२०१८) मधले ‘जी’ म्हणजे आतच ग्राफिक्स आहे. इंटेलच्या आय५-९४००एफ (२०१९) मधले ‘एफ’ म्हणजे ते नाही, कार्ड नसेल तर पडदा काळाच. क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये कार्डांचे भाव आभाळाला नेले, तेव्हा ज्यांनी ‘जी’ घेतला होता त्यांना थांबणे शक्य झाले. ‘एफ’वाल्यांना ते नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकाम बंद केले आणि वापरलेली कार्डे बाजारात लोटली, पण त्यांच्या पंख्यांनी रात्रंदिवस किती काळ फिरून घेतले होते हे त्यांच्या अंगावर लिहिलेले नव्हते.

आता कोटेशन मोबाइलवर येते, भाव पाहून झाले की पुसले जाते, आणि घरात ‘हे कशाला?’ असे विचारणाराही बहुधा तोच मुलगा आहे, वीस वर्षांनी मोठा झालेला. पतसंस्थेच्या जुन्या कर्जाच्या फायली कुठे शिल्लक असतील तर त्यांतले संगणकाचे कोटेशन काढून मदरबोर्डच्या ओळीत ‘८६५’ नंतर काय लिहिले आहे ते पाहावे. एक अक्षर आहे की दोन, आणि दुसरे अक्षर नंतर कोणी वेगळ्या शाईने खोडले आहे का.