दुरुस्तीच्या हातांची किमया

मिरजेचे मिशन इस्पितळ डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारले. शेजारच्या सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. वैद्यक व यंत्रविद्या हातात हात घालून चालल्या तर काय घडते?

१९५७ साली अमेरिकेत मिनियापोलिस येथे वीज गेली. घरगुती विजेवरील पेसमेकर लावलेल्या मुलांचे प्राण धोक्यात आले. इस्पितळांची उपकरणे दुरुस्त करणारे अर्ल बाकेन यांनी चार आठवड्यांत अंगावर बाळगता येणारा बॅटरीचा पेसमेकर बनविला. आज मनगटावरचे यंत्र नाडीची नोंद दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचविते.

हातकामाची प्रतिष्ठा कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा व शिका’तून शिकविली. पालकहो, मुलामुलींना डॉक्टर जरूर करा. पण तंत्रशिक्षणाला कमी लेखू नका. डॉक्टरांच्या हातातील यंत्रही कुणीतरी घडवावेच लागते.