सेन्सरची गाडी

केज, धारूर, माजलगाव, आमच्या बीड जिल्ह्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. बंद पडलेली मोटरसायकल ढकलत कुणी गॅरेजवर आलं की मिस्त्री आधी विचारतो, "कार्बोरेटरची का सेन्सरची?" फ्युएल इंजेक्शन, एफआय, ईसीयू असले शब्द बाजूला सारून लोकांनी या गाडीला स्वतःचं नाव दिलंय, सेन्सरची गाडी. आणि 'सेन्सरची' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी मिस्त्री पाना खाली ठेवतो.

ही वेळ कशी आली ते समजायला 1985 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. हिरो होंडाची सीडी 100 बाजारात आली. आमच्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. आणि दिल्लीत एम. सी. मेहता नावाच्या वकिलाने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. पहिल्या दोन गोष्टींनी गावागावांत मोटरसायकल आणली. तिसरीने पस्तीस वर्षांनी तिचा कार्बोरेटर काढून घेतला.

मोटरसायकल आमच्याकडे चैनीची वस्तू कधीच नव्हती. परळीला रेल्वे जुनी, पण बीड शहरात ती पोचली थेट 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर दवाखाना, कचेरी, बाजार, सोयरीक, सगळं एसटीवर नाहीतर दुचाकीवर. आणि दुचाकी गावात टिकली ती गावात दुरुस्त होत होती म्हणून.

कार्बोरेटर हे साधं भांडं आहे. पिस्टन खाली गेला की हवा आत ओढली जाते. अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून वर खेचलं जाऊन तिच्यात मिसळतं. यात विजेचा संबंध नाही. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत प्लगची ठिणगीही मॅग्नेटोवर चालायची. म्हणजे बॅटरी मेली तरी किक मारून गाडी चालू. बिघाडही डोळ्यांना दिसायचा: कॉक बंद, जेटमध्ये कचरा, प्लग काळा. स्क्रू-ड्रायव्हर, प्लगपाना आणि फुंकर एवढ्यावर शेकडो पोरांनी संसार उभे केले. शाळा सुटलेला मुलगा चार वर्षं गॅरेजवर राहिला की आवाजावरून दोष सांगायचा.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोटारींत रुजलं ते धुराच्या भीतीतून. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या धुरावर कडक नियम आले, त्यात बसण्यासाठी 1967 साली फोक्सवॅगनने आपल्या 1600 मोटारीत बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा बसवली. कल्पना सोपी होती. हवा किती, इंजिन किती गरम, थ्रॉटल किती उघडा हे सेन्सर सांगतात. एक छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, हिशोब करतो आणि इंजेक्टर तेवढंच पेट्रोल फवारतो. भारतात 2006 साली हिरो होंडाने ग्लॅमर एफआय आणली, 2007 साली बजाजने पल्सर 220 इंजेक्शनसह काढली. पण घाई कुणालाच नव्हती. 2009 साली तीच 220 कार्बोरेटर लावून परत आली, आणि स्वस्तही झाली. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून इंजेक्शन आलेलं नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

ते आणलं कायद्याने. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने बीएस-5 ओलांडून थेट बीएस-6 आणायचं ठरवलं. 29 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्यांची विक्री बंद केली. तेव्हा दोन दिवस शोरूमसमोर लागलेल्या सवलतीच्या रांगा अनेकांना आठवत असतील. मग 24 ऑक्टोबर 2018 रोजी, मेहतांच्या त्याच जुन्या खटल्यात, न्यायालयाने सांगितलं की 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 गाडी विकायची नाही. ती तारीख उगवली तेव्हा देश लॉकडाऊनमध्ये होता. शोरूम बंद, रस्ते ओस. शटर पुन्हा उघडली तेव्हा काही स्वस्त मॉडेलं सोडली तर जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकली इंजेक्शनच्या होत्या. मिस्त्रीला कुणी विचारलं नाही, शिकवलंही नाही.

हवा स्वच्छ हवी याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न एवढाच की ज्ञानाची पेटी कुणाच्या हातात गेली. आणि याचा चटका कुणाला बसतो ते पाहायचं तर ऊसतोडीकडे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी ठेवलेली गाडी तेवढे महिने उभी असते. कार्बोरेटरच्या गाडीची वाटी उघडून जुनं पेट्रोल काढलं, जेट साफ केला की दहा-पंधरा किकांत काम व्हायचं. सेन्सरच्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, आणि बॅटरी पुरती मेली की बहुतेक मॉडेलांत पेट्रोलचा पंपही मेला. मग कितीही किका मारा, कितीही ढकला. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते ओल शोषतं, आणि अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी तळाला बसू शकतं. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो. म्हणजे कोयत्याने तोडलेला ऊस फिरून त्याच माणसाच्या टाकीत येतो.

पण 'सेन्सरची आहे, कंपनीत न्या' हे उत्तर दर वेळी खरं नसतं. बिघाड शोधायचा क्रम आजही माणसाच्या आवाक्यातला आहे. आधी किल स्विच बघा, साइड स्टँड वर आहे का बघा. अनेक नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर गिअरमध्ये चालूच होत नाहीत. मग चावी फिरवा आणि कान द्या. टाकीतून दोन-तीन सेकंद 'झीं' असा आवाज यायला हवा. तो पंप दाब तयार करत असतो. आवाज नाही, तर फ्यूज, बॅटरी, वायर आणि मग पंप, या क्रमाने जा. गावाकडे उंदराने कुरतडलेली वायर हे कारण विसरू नका. सेल्फ मारल्यावर डिस्प्ले मंद होऊन विझला, तर दोष बॅटरीचा. गाडी आडवी पडली होती का? मग कलण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. अशा वेळी चावी बंद करून पुन्हा लावायची. आणि टाकी कोरडी होईपर्यंत चालवायची जुनी सवय सोडा, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. प्लग मात्र पूर्वीचाच आहे, तो आजही काढून बघता येतो.

यापुढे खरंच यंत्र लागतं. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा विझत नसेल, तर ईसीयूने दोषाचा कोड लिहून ठेवलेला असतो. काही गाड्यांत तो दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो, बाकीच्यांना स्कॅनर जोडावा लागतो. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही होती. हक्काचा अर्थ आमच्याकडे फार साधा आहे. तो कोड आणि त्याचा अर्थ केजच्या मिस्त्रीलाही वाचता यावा.

काही मिस्त्री वाट बघत बसलेले नाहीत. यूट्यूब बघून, मल्टिमीटर घेऊन ते शिकतायत. शिवारात अडकलेल्या माणसाचा फोन आला तर आता पहिला प्रश्न बदललाय. "दादा, चावी लावा आणि फोन टाकीजवळ धरा." पंपाचा आवाज आला की नाही, हे तो तिथे बसून ऐकतो.