पाठ एकाचा, अभ्यास सगळ्यांचा

जपानमधले शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसून शिकतात, हे आता जगभर माहीत झालं आहे. या रीतीचं मूळ मात्र एका अडचणीत आहे. १८७२ पूर्वी तिथली मुलं तेराकोया नावाच्या शाळांत शिकत. आपल्या पंतोजींच्या शाळेसारखाच तो प्रकार: लहानमोठी मुलं एकत्र, प्रत्येकाचा कित्ता वेगळा आणि गुरुजी एकेकाला जवळ घेऊन शिकवणार. १८७२ साली मेइजी सरकारने देशभर नवी शिक्षणव्यवस्था जाहीर केली. सगळ्या वर्गाला एकदम शिकवायचं ठरलं. पण तसं कसं शिकवतात, हे तिथल्या शिक्षकांनी पाहिलेलंच नव्हतं.

म्हणून त्याच वर्षी तोक्योत शिक्षक घडवणारी शाळा निघाली आणि मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाला तिथे नेमलं. स्कॉट दुभाष्याच्या मदतीने शिकवत. भावी शिक्षक आधी त्यांचा वर्ग पाहत आणि मग स्वतः वर्गापुढे उभे राहत. जपानचे ताकामिने हिदेओ अमेरिकेतल्या ऑस्वेगोहून स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझींची पद्धत शिकून १८७८ मध्ये परतले. १८८३ साली याच विचारांवर शिक्षकांसाठी एक पुस्तक निघालं. पाठ पाहताना काय पारखायचं, याचे मुद्देही त्यात होते.

मी अनेक वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवलं, सराव पाठांचे निरीक्षण तक्ते भरले. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, वर्गनियंत्रण, प्रत्येकापुढे शेरा. त्यामुळे पुढचा इतिहास मला फार ओळखीचा वाटतो. आपल्या पाठटाचणात मुरलेली हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानातही पोचली. पायऱ्या अशा ठरल्या, की पाहणाऱ्याचं काम सोपं होतं: पायरी झाली का, एवढंच बघायचं. मुलाला काय समजलं, हा प्रश्न मागे पडतो.

तिथल्या शिक्षकांनी तो प्रश्न पुढे आणला, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर याला जोर आला. साइतो किहाकु १९५२ साली गुन्मा प्रांतातल्या शिमा या खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी शाळेचे वर्ग बाहेरच्या शिक्षकांना खुले केले आणि देशभरातून लोक तिथे पाठ पाहायला येऊ लागले.

या रीतीला तिथे ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात. तिचं खरं बळ तयारीत आहे. पहिलीची हातच्याची वजाबाकी घ्या. पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं, यावरच शिक्षक बराच वेळ बोलतात. १३ − ९ दिलं तर मुलं सहज दहातून नऊ काढतात आणि उरलेला एक तिनात मिळवतात. १२ − ३ दिलं तर आधी दोन काढून दहावर येतात, मग आणखी एक काढतात. संख्या बदलली की मुलाचा विचार बदलतो. म्हणून टाचणात शिक्षकाच्या प्रश्नाशेजारी मुलांची संभाव्य उत्तरं लिहिलेली असतात, चुकीचीसुद्धा.

पाठ एक जण घेतो, पण तो आखलेला असतो सगळ्यांनी. बाकीचे बाकांमधून फिरतात आणि अमुक मुलाने काय लिहिलं, काय खोडलं, कुठे अडलं, ते टिपतात. फळ्यावरचं शक्यतो पुसत नाहीत, म्हणजे तासाचा सगळा विचार शेवटी एकत्र दिसतो. नंतरच्या चर्चेत आधी पाठ घेणारा बोलतो, शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार. पाठ फसला तर तो सगळ्यांचा फसतो, कारण आखणी सगळ्यांची असते. चारचौघांदेखत शिकवण्याची भीती याने निम्मी होते.

१९९९ साली स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकाने ही पद्धत अमेरिकेपुढे आणली. ज्या देशाकडून जपानने वर्गात शिकवणं घेतलं, तोच देश आता जपानकडून वर्ग पाहणं शिकू लागला.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. शाळांच्या प्रत्येक केंद्राची शिक्षण परिषद आहेच. पण तिथे परिपत्रकं वाचली जातात, माहितीचे तक्ते गोळा होतात आणि वेळ संपते. माझी केंद्रप्रमुखांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: परिषदेतला एक तास खऱ्या मुलांच्या खऱ्या पाठासाठी राखा. तो पाठ आधी चार जणांनी मिळून आखा. पाहायला बसाल तेव्हा शेऱ्यांचा तक्ता बाजूला ठेवा, एका मुलाची वही बघा आणि चर्चेत तिच्याबद्दलच बोला.