कनवटीचे पाच रुपये

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात आदिलाबादला जाणं झालं. मुदखेड, किनवट करत रेल्वे तिथे पोचते. गाव तेलंगणातलं, पण बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. त्यात नवल नाही. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात गेले, आणि मराठी बोलणारी माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

कापसाच्या बाजारात एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांच्या गाडीचा नंबर लागायला वेळ होता. बोलता बोलता सणांचा विषय निघाला. आमच्याकडे गोव्यात चवथीला रात्रभर पत्ते चालतात, असं मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, "आमच्याकडं पोळ्याला. बाबा त्या दिवशी कनवटीला पाच रुपये बांधून घ्यायचे. बाकीचे आईपाशी. पाच गेले का उठायचं. जिंकले तरी दिवेलागणीला घरी."

हल्ली 'जुगाराचं बजेट' म्हणतात ते हेच. वडिलांना त्यासाठी फारसा मनोनिग्रह लागत नव्हता. पैसे आईकडे, खेळ वर्षातून एकदा, नि अंधार पडला की डाव मोडायचा. निम्मं काम पंचांगच करत होतं. आमच्या जत्रेतला झुगारही पहाटे दुकानं उठली की संपायचा.

मग म्हाताऱ्यांनी मूळ दुखणं सांगितलं. आदल्या हंगामातल्या कापसाचे पैसे नातवाने फोनवरच्या स्लॉटमध्ये घालवले होते. एका रात्रीत नव्हे, महिनाभरात. "आणि तो म्हणतो, मी रोज पाचशेच लावत होतो."

म्हणजे बजेट होतं! ते टिकलं का नाही, याच्या मागे बराच इतिहास आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने ठरवलेल्या जागेबाहेर खेळणाऱ्याला १२ पण दंड, फासे त्याचेच, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच राज्याचे. द्यूत चांगलं की वाईट या वादात तो पडत नाही. त्याला भिंत नि दरवाजा हवा आहे. ज्या धर्मराजाला सभेत अडवणारं कुणी नव्हतं त्याचं काय झालं, हे आपण दशावतारात रात्र जागवून पाहिलंय.

आदिलाबाद निजामाच्या राज्यातलं. तिथे जुगाराचा कायदा १३०५ फसलीचा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा. याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ साली न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी (नागपूरला वकिली केलेले ते हेच) निकाल दिला, की रमीत कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, काय ठेवायचं नि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. पुढे फोनवरच्या रमीवाल्यांनी हाच निकाल ढालीसारखा धरला. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये वटहुकूम काढून कौशल्याची ही सवलतच काढून घेतली. रमीची अॅपं राज्यात बंद झाली. २०२५ पर्यंत पैनगंगेचा पूल ओलांडून यवतमाळच्या हद्दीत शिरलं की तीच अॅपं सुरू असायची! परदेशातून चालणाऱ्या स्लॉटना मात्र दोन्ही काठ सारखेच.

आणि स्लॉटमध्ये कौशल्याचा प्रश्नच येत नाही. निजामाचा कायदा झाला त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने तीन चाकांचं यंत्र बनवलं. चाकं खरी होती, त्यामुळे चाकावर किती चित्रं आहेत हे मोजून अंदाज बांधता येई. १९८४ साली इंगे टेलनेस यांना एक पेटंट मिळालं. त्यानंतर निकाल संगणकाने काढलेला आकडा ठरवू लागला आणि चाक नुसतं दाखवण्यापुरतं उरलं. फोनवर तर चाकही नाही, चाकाचं चित्र. 'थोडक्यात हुकलं' असं जे दिसतं, ते हुकणंही चित्रातलंच.

आता नातवाचे पाचशे घेऊ. समजा यंत्र लावलेल्या पैशातले सरासरी शेकडा ९५ परत देतं. म्हणजे कौटिल्याच्याच पाच टक्क्यांवर समाधानी आहे. पण कौटिल्य जिंकलेल्यातून घेतो, हे लावलेल्यातून घेतं, आणि दर वेळी. पाच सेकंदांना एक डाव, डावाला १० रुपये, तर तासाला ७२० डाव, ७,२०० रुपयांची उलाढाल आणि सरासरी ३६० रुपये तोटा. खिशात होते पाचशे, लावले गेले सात हजार. मधूनमधून आलेले पैसे खेळणाऱ्याला 'जिंकलेले' वाटतात, म्हणून तो ते बजेटात धरत नाही. शिवाय रोजचे पाचशे हा हिशेब पगारदाराचा. कापूसवाल्याचं वर्षाचं उत्पन्न काही दिवसांत हाती येतं, आणि त्या रकमेपुढे रोजचे पाचशे किरकोळ दिसतात. तीस दिवसांचे पंधरा हजार होतात, हा गुणाकार रात्री दोन वाजता कोण करतो? त्यातून कालचे पाचशे भरून काढायला आजचे हजार.

आपण गोवेकरांनी यात शहाजोगपणा करू नये. पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी देणारी दुरुस्ती आपल्याच विधानसभेने १९९२ मध्ये केली, १९९६ मध्ये जहाजांवरचे टेबलावरचे खेळ आले, आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याच कॅसिनोंत गोवेकरांना बंदी केली. पाहुण्यांनी खेळावं, घरच्यांनी नको. महाराष्ट्राने तर १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद करणारा कायदा केला. परदेशातून चालणाऱ्यांना तो कसा आवरणार, ते बघायचं.

म्हाताऱ्यांनी मात्र संसदेची वाट पाहिली नव्हती. त्या वर्षीपासून कापसाचे पैसे सुनेच्या खात्यात जमा होणार होते, आणि ते खातं कुठल्याच फोनला जोडलेलं नव्हतं. पैसे काढायचे तर बँकेत जाऊन, सही करून. नातवाच्या खात्यात महिन्याला पाचशे. "चिडला असेल ना?" मी विचारलं. "दोन महिने बोलला नाही," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला नि ते गाडीकडे गेले.