परत येणारं पिंप

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीला हजारो भाविक भवानीच्या दर्शनाला याच रस्त्याने पायी जातात आणि वर्षभर याच रस्त्याने रसायनांचे टँकरही धावतात. १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्सचा पहिला कारखाना तामलवाडीत आहे. मिथेनॉल आणि अमोनियापासून होणारी मिथाइल अमाइन्स ही या कारखान्याची मूळ ओळख. त्यांतल्या डायमिथाइल अमाइनच्या क्षारापासून मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बनतं. म्हणजे ही द्रव्यं घरोघरच्या औषधाच्या डब्यापर्यंत पोचलेली आहेत. पण ती जपून हाताळावी लागतात. मोनोमिथाइल अमाइन उणे ६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ते एकतर दाबाखाली द्रव करून न्यावं लागतं, नाहीतर पाण्यात विरघळवून. ते चटकन पेट घेतं, डोळे आणि फुप्फुसं भाजतं. असा माल कोणत्या भांड्यातून न्यावा, या प्रश्नामागे भांड्यांचा मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे तेल-तूप चामड्याच्या बुधल्यांतून आणि पाणी पखालीतून जाई. ही भांडी महाग होती, म्हणून ती जपली जात, सांधली जात, पुन्हा भरली जात. बुधला तेल्याचा, पखाल पखालजीची. भांड्याला मालक होता आणि त्यात काय भरायचं, हेही ठरलेलं होतं.

ही साखळी रॉकेलच्या डब्याने तोडली. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा तो चौकोनी पत्र्याचा डबा एकदाच भरण्यासाठी बनवलेला असे. रॉकेल संपलं की कंपनीचा त्याच्याशी संबंध संपे. पुढे त्यातून पाणी आलं, त्यात धान्य भरलं गेलं, तो कापून, सपाट करून छपरावरही चढला. काटकसरीच्या संसारात त्याचं सोनं झालं. पण भांडं कारखान्याच्या हातून सुटून अनोळखी हातांत जाण्याची सवय तिथूनच लागली. रॉकेल होतं तोवर त्यात फारसा धोका नव्हता.

पिंपाची गोष्ट अमेरिकेतली. खनिज तेल सुरुवातीला लाकडी पिंपांतून जाई. ४२ अमेरिकी गॅलनचं, सुमारे १५९ लिटरचं ते माप तेलाच्या भावात आजही टिकून आहे. लाकूड गळे. १९०५ साली हेन्री वेरहान याला पोलादी पिंपाच्या रचनेचं पेटंट मिळालं. तो ज्या आयर्न क्लॅड कंपनीत कामाला होता, ती चालवत होती नेली ब्लाय, ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून गाजलेली पत्रकार. पोटावर उठावाच्या कड्या असलेलं, आडवं करून एका माणसाला गडगडवत नेता येणारं हे पिंप दुसऱ्या महायुद्धात जगभर पोचलं. आजचं साधारण २०० लिटरचं पिंप त्याचंच वंशज. पुढे प्लॅस्टिक आलं आणि पिंप निळं झालं.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर गावात शिरला की दारोदार ही निळी पिंपं रांगेत उभी असतात. काही नवी, काही भंगारवाल्याकडून घेतलेली. दुसऱ्या हातच्या पिंपात आधी काय होतं, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. चिठ्ठी निघून गेलेली असते आणि धुतलं तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं रसायन सहजासहजी निघत नाही. याची किंमत केवढी असू शकते, ते बिहारमधल्या गंडामन गावाने दाखवलं. १६ जुलै २०१३ रोजी तिथल्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं आणि ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेल्याचं तपासात पुढे आलं.

कायद्याला हा धोका ठाऊक आहे. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामी वेष्टनं फोडून, वस्तीपासून दूर पुरायची असतात. २०१६च्या घातक कचरा नियमांत रसायन लागलेली रिकामी पिंपं आणि डबे थेट घातक कचऱ्याच्या यादीत आहेत. तरीही ज्या रिकाम्या पिंपाला बाजारात भाव आहे, ते कोण फोडणार? उन्हाळ्यात ज्या घरात पाणी साठवायला भांडं नाही, त्या घराला दोष तरी कसा द्यायचा?

याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. १९५५ साली बर्मा शेलने मुंबईत बर्शेन नावाने स्वयंपाकाचा गॅस आणला. तेव्हापासून सिलिंडर आपल्या घरात राहतो, पण आपला होत नाही. अनामत भरायची, भरलेला घ्यायचा, रिकामा द्यायचा. त्याच्या कड्याजवळ इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं: ए ते डी ही वर्षाची चार तिमाही, आणि पुढे पुढच्या चाचणीचं साल. इतका ज्वालाग्राही माल देशभर घराघरांत फिरतो, याचं एक मोठं कारण म्हणजे ते भांडं तपासायला परत येतं.

रसायनांच्या वाहतुकीत आता हीच रीत रुजते आहे. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेली १००० लिटरची चौकोनी टाकी, जिला कामगार आयबीसी म्हणतात, पाच पिंपांचं काम एकटी करते. एका पॅलेटवर पिंपं चार मावतात, म्हणजे ८०० लिटर. पाच पिंपं म्हणजे पाच वेळा झाकण उघडणं, पंप घालणं, वाफेसमोर उभं राहणं आणि पाच तळांशी उरलेला गाळ. टाकीला खाली झडप असते. नळी जोडली की द्रव बंद मार्गाने उतरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धोकादायक द्रवाच्या अशा टाकीची दर अडीच वर्षांनी तपासणी होते आणि प्लॅस्टिकच्या टाकीला बनल्यापासून पाच वर्षांची मुदत असते. तिच्यापुढचा टप्पा १९६०च्या दशकात आलेला आयएसओ टँक: पोलादी चौकटीतली वीसेक हजार लिटरची टाकी, जहाज, रेल्वे आणि ट्रेलर या तिन्हींवर चढणारी, दशकानुदशकं फिरणारी. ती एक म्हणजे शंभर पिंपं कमी.

पण मोठं भांडं आपोआप सुरक्षित होत नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेतला मिथाइल आयसोसायनेट मोनोमिथाइल अमाइन आणि फॉस्जीनपासूनच तयार होई. २ डिसेंबर १९८४च्या रात्री सुमारे ४० टन माल एकाच टाकीत होता आणि त्याला आवरणाऱ्या यंत्रणा बंद किंवा अपुऱ्या होत्या. म्हणून साठा लागेल तेवढाच ठेवणं हाही सुरक्षेचाच भाग आहे. प्लॅस्टिकची टाकी आगीत काही मिनिटांत वितळते, तेव्हा ज्वालाग्राही द्रवाला पोलादच हवं. आणि भरलेला टँकर उलटला तर एका पिंपाच्या गळतीपेक्षा कितीतरी मोठं संकट रस्त्यावर उभं राहतं.

बुधल्यापासून आयएसओ टँकपर्यंतचा हा माग पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. चामडं, पत्रा, पोलाद, प्लॅस्टिक यांत सुरक्षा असतेच, पण तेवढ्याने भागत नाही. भांड्याला मालक असावा, त्याच्यावर तपासणीची तारीख असावी आणि त्याला परतीचा रस्ता असावा. तामलवाडीसारख्या ठिकाणाहून जिथे जिथे माल जातो, तिथून रिकामी भांडी परत आणण्याचं ओझं भंगारवाल्यावर किंवा टंचाईतल्या गावावर पडता कामा नये. ते माल भरणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं काम आहे. प्रत्येक पिंपावर सिलिंडरसारखी अनामत हवी, म्हणजे ते परत देणं विकण्यापेक्षा फायद्याचं ठरेल. आणि टंचाईतल्या प्रत्येक घराला पाणी साठवायला खाण्यापिण्यास योग्य अशी नवी टाकी सरकारने पुरवायला हवी. या दोन गोष्टी झाल्या, तर रसायनाचं पिंप पाण्याच्या रांगेत उभं राहणार नाही.