पटावरील मुले आणि इयत्तांची पायरी : मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा एक इतिहास

सरकारी प्राथमिक शाळेची योग्यता ठरविताना सामान्यतः दोन आकडे पाहण्यात येतात : पटावर मुले किती, आणि त्यांपैकी उत्तीर्ण किती. परंतु ती मुले कोणत्या समाजातील आहेत आणि कोणत्या इयत्तेपर्यंत शाळेत टिकतात, हे विचारल्यावाचून या दोन्ही आकड्यांचा खरा अर्थ कळत नाही. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार अस्पृश्य समाजाला सहजासहजी मिळालेला नाही. त्यामागे मुंबई इलाख्यातील पाऊण शतकाचा संघर्ष आहे.

त्याचा आरंभ शाळेच्या दारातच झाला. जून १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ च्या ठरावाने सरकारने तो अमान्य केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारला तत्त्वतः कबूल होते. परंतु त्याला प्रवेश दिल्यास इतर मुले शाळा सोडतील आणि ती शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी होईल, अशी भीती पुढे करण्यात आली. म्हणजे शाळेचा पट भरलेला राहावा यासाठी एका मुलाचे नाव पटाबाहेर ठेवले गेले! पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व मान्य केले. परंतु अंमलबजावणीत सावधगिरीचा सल्ला देऊन स्वतंत्र शाळांचा मार्ग सुचविला. हक्क कागदावर आला, पण वर्गात मात्र आला नाही.

याचा परिणाम शिक्षण खात्याच्या आकड्यांतच दिसतो. १८८१-८२ साली इलाख्यातील प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी ६३,०७१ होते, तर अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींचे विद्यार्थी अवघे २,८६२, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांत शेकडा एकाहूनही कमी. माध्यमिक शिक्षणाच्या खालच्या टप्प्यावर ही संख्या सतरापर्यंत खाली येते. हायस्कूल व महाविद्यालयाच्या रकान्यांत शून्य आहे. या शून्याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधता येत नाही. जो मुलगा वर्गाबाहेर किंवा वेगळ्या तरटावर बसतो, ज्याला तहान लागली असता पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नाही आणि ज्याच्या पाटीला शिक्षक स्पर्श करीत नाही, त्याच्या नापास होण्याला परीक्षेतील अपयश कसे म्हणावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः या व्यवस्थेतून गेले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेच्या इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तथापि, आपल्या एकट्याच्या यशाला त्यांनी समाजाच्या प्रगतीचा पुरावा मानले नाही. त्यांनी आकडे मांडले.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत केवळ अठरा पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. हा आकडा सर्व समाजांचा मिळून होता. त्यानंतर त्यांनी समाजनिहाय हिशेब मांडला. लोकसंख्येच्या दर हजारी प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मराठा व तत्सम मध्यम वर्गाचे ३८, आणि अस्पृश्य व आदिवासी ज्यात मोडत त्या मागास वर्गाचे अवघे १८ विद्यार्थी होते. महाविद्यालयात या शेवटच्या वर्गाचा एकही विद्यार्थी नव्हता. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सभागृहाच्या लक्षात आणून दिले.

या भाषणानंतर आठच दिवसांनी महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या दोन घटना सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. वस्तुतः ज्या १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, त्याच ठरावात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. पाणी आणि पाटी हे एकाच नागरी हक्काचे दोन भाग होते.

आकडे मांडून बाबासाहेब थांबले नाहीत. मुले दाखल होतात पण टिकत नाहीत, हे निदान झाल्यावर उपायही त्याच जागी करावा लागणार होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले होते. गळती रोखावयाची तर मुलाला राहण्याची जागा, जेवण आणि अभ्यासासाठी निवांतपणा मिळाला पाहिजे, हे त्यामागील साधे सूत्र होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात सभेच्या वतीने इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचा साद्यंत इतिहास मांडण्यात आला, आणि प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती सोपविण्यास विरोध नोंदविण्यात आला. ज्यांच्या दारी बहिष्कार आहे, त्यांच्याच हाती शाळेची किल्ली देणे धोक्याचे होते.

आज शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय नोंद प्रत्येक शाळेला करावी लागते. साधने बदलली, तरी ते आकडे वाचण्याची रीत जुनीच उपयोगी आहे. आपल्या वस्तीतील शाळेचा निकाल हाती आला की केवळ शेकडेवारी पाहून समाधान मानू नये. पहिलीत आपली किती मुले होती, पाचवीत किती उरली, आठवीत किती पोहोचली, आणि जी गेली ती कोठे गेली, हे विचारावे. धारवाडच्या त्या मुलाचे नाव पटावर येऊ दिले गेले नाही. पटावर आलेले एकही नाव मध्येच गळू नये, ही जबाबदारी आता आपली आहे.